नीलवर पाच मुक्काम म्हणजे पैसे पाण्यात?

कपाशीवाला_आर्वी

परवा इथंच एका भाऊंनी अंदमानचा बेत टाकला. सहा दिवसांत नऊ ठिकाणं. त्यात नील बेटाबद्दल दोनच ओळी होत्या: "नीलला दोन तास पुरतात. भरतपूरला फोटो काढा, दगडी पूल पाहा, दुपारच्या बोटीने परत या. तिथं मुक्काम म्हणजे पैसे पाण्यात." खाली पटापट अंगठे पडले. मी दोन दिवस गप्प बसलो, पण राहवत नाही. कारण 2025 च्या फेब्रुवारीत मी आणि सौ. त्याच नीलवर पाच मुक्काम करून आलो, आणि आयुष्यात एवढा पैसा नीट कामी लागलेला मला तरी आठवत नाही.

आधी त्या दगडी पुलाचं बोलू. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची ती खडकाची कमान ओहोटीतच जवळून पाहता येते. भरती असली की खडकांवरून जायची वाटच पाण्याखाली. आपल्या वऱ्हाडात भरती-ओहोटी कोणाला माहीत? मलाही नव्हती. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि ही वेळ रोज पाऊण तास, कधी त्याहून जास्त पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढही कमी, उतारही कमी. मग दुपारच्या बोटीकडे डोळा ठेवून आलेल्या माणसाला पूल दिसणार की नाही, हे त्याच्या हातात कुठं आहे? आम्ही पहिले दोन दिवस गेलो, पाणी आडवं आलं. तिसऱ्या दिवशी वेळ जुळली. खडकांतल्या डबक्यांत अडकलेले मासे, काळ्या सागरी काकड्या, बोटाएवढे खेकडे पाहत दीड तास गेला. पुलापर्यंत पोचायची घाईच उरली नाही. भरतपूरचंही तसंच. पाणी उतरलं की प्रवाळ लांबपर्यंत उघडा पडतो, पोहणं बंद. चढलं की गळ्याइतक्या पाण्यातही तळ दिसतो.

बेट लहान आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सायकलने अर्ध्या तासात जाता येतं. गावांची नावं रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने तिथं वसवलं आणि त्यांनी जंगल तोडून वावरं केली. अंदमानात भाजीपाला पिकवणारं बेट म्हणून नीलचं नाव आहे. 2018 च्या 30 डिसेंबरला त्याचं शहीद द्वीप झालं, पण जेट्टीवर सगळे नीलच म्हणतात. एका सकाळी रस्त्याकडेच्या वांग्याच्या वाफ्याशी थांबलो. तिथले दादा शेंडे खुडत होते, कारण शेंड्यात अळी शिरली होती. आपल्याकडे पडते तीच. मला बंगाली येत नाही, त्यांना मराठी येत नाही. आम्ही तासभर मोडक्या हिंदीत अळीवर बोललो. त्यांनी चार वांगी दिली, आम्ही राहत होतो तिथल्या बाईंनी ती तव्यावर भाजून दिली.

आणि झोप. ज्यांच्या हरभऱ्यात रानडुकरं शिरतात त्यांना सांगावं लागत नाही. डिसेंबरपासून मी एक दिवसाआड जागलीवर होतो. नीलवर पहिल्या रात्री दोन वाजता दचकून उठलो आणि उशाशी बॅटरी चाचपली. बॅटरी नव्हती. बाहेर नुसता लाटांचा आवाज. चौथ्या रात्री जाग आली नाही. याला कोणी पैसे पाण्यात म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

एकदाच_जातो_चिखली

तो बेत माझाच होता, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

भाऊ, तुमची झोप तुम्हाला लखलाभ. पण तुम्ही दोघं होता. मी आईवडिलांना घेऊन गेलो होतो. वडील एकाहत्तर वर्षांचे, पहिल्यांदा विमानात बसले. नागपूरहून आम्हाला थेट विमान मिळालं नाही. आधी कोलकाता, तिथं रात्र काढून पोर्ट ब्लेअर. चिखलीहून निघाल्यापासून तिसऱ्या दिवशी समुद्र दिसला. एवढं करून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला सांगू का, की राधानगरचा किनारा राहू द्या, बाराटांगच्या गुहा राहू द्या, इथं माडाखाली बसा? झाडाखाली ते रोज घरी बसतात. त्यांचं पुन्हा जाणं होईल याची खात्री तुम्ही देता का? ज्याला एकदाच जायचं आहे त्याने सगळं पाहूनच यावं, हे माझं मत आहे आणि राहील.

आणि पंचांग पाहून सुट्टी काढणं नोकरदाराला जमत नाही. मुलांच्या शाळेला जेव्हा सुट्टी, तेव्हाच आमची.

दर्यापूरची_सून

मी अशाच सहा दिवस नऊ ठिकाणांच्या सहलीला गेले होते, आम्ही घरची चौदा माणसं. तिथं काय झालं ते ऐका.

बाराटांगसाठी रात्री अडीचला उठवलं, कारण जारवा आदिवासींच्या जंगलातून गाड्या ठरल्या वेळीच एकत्र सोडतात. पहिला ताफा चुकला की दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पाचला उठून हॅवलॉक बेटाची बोट. बोटीत दोन्ही लेकरांना उलट्या. मी पिशव्या धरून बसले, खिडकीतला समुद्र माझ्या वाट्याला आलाच नाही. आणि रोज सकाळी हॉटेलच्या खोलीत विजेच्या शेगडीवर चौदा जणांचे पोहे मीच केले, कारण सासऱ्यांना बाहेरचं चालत नाही. कांदेपोहे करायला अंदमानला गेले का मी?

नीलला भरती होती, पूल दिसला नाही. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मी पंधरा मिनिटं वाळूत पाय लांब करून बसले. सगळ्या सहलीतली तेवढीच पंधरा मिनिटं माझी.

आर्वीचे भाऊ बरोबर सांगतात. पण त्यांनाही विचारते: तुमच्या लेखात वहिनी कुठं आहेत? झोप तुमची, वांगी तुमची, पूल तुमचा. त्यांना काय हवं होतं, हे एका ओळीत तरी लिहायचं होतं.

कपाशीवाला_आर्वी

ताई, बरोबर बोललात. सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लिहा: पाच दिवस कोणी "जेवायला काय आहे" असं विचारलं नाही.

गुरुजी_वरुड

माझा मुद्दा वेगळा आहे. अंदमान म्हटलं की मराठी माणसाने सेल्युलर जेलपासून सुरुवात करावी. 1896 ला काम सुरू झालं, 1906 ला पुरं झालं. सात फाट्यांपैकी आज तीनच उभे आहेत. बाबाराव सावरकर आधीपासून तिथं होते, 1911 ला तात्यारावांना आणलं, आणि दोघा भावांना एकमेकांचं तोंड पाहणंसुद्धा दुरापास्त होतं. ज्या पाण्याला लोक काळं पाणी म्हणत, त्याच पाण्यात पाय सोडून आराम करायचा, ही कल्पनाच मला बोचते. मी 1998 साली कोलकात्याहून जहाजाने गेलो होतो. तीन रात्री जहाजात. तेव्हा काळं पाणी म्हणजे काय ते अंगावर आलं. विमानातून ते कळत नाही.

कपाशीवाला_आर्वी

गुरुजी, आम्ही पोचलो त्या दिवशी दुपारी जेल पाहिला, संध्याकाळी तिथला ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम पाहिला, आणि परतीच्या मुक्कामी सकाळी पुन्हा गेलो. सौ. त्या कोलूसमोर बराच वेळ उभी होती. तिच्या माहेरी घाणा होता. बैल जुंपतात तिथं माणूस जुंपला, एवढंच म्हणाली. नऊ ठिकाणांच्या बेतात जेलला दीड तास असतो. आम्ही दोनदा गेलो ते घाई नव्हती म्हणूनच.

गुरुजी_वरुड

दोनदा गेलात, हे ऐकून बरं वाटलं. बाकी माझं मत कायम.

पऱ्हाटी_कळंब

सगळे बेटाचं बोलून राह्यले, मी कास्तकाराचं बोलतो. 2024-25 ले लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलले 7521 होता. माह्या गावात खेडा खरेदीवाल्यानं सात हजाराच्या वर दिले नाई. सोयाबीनचा हमीभाव 4892, अन् मी इकलं चार हजारानं, काऊन की घरात ठेवाले जागा नोती अन् कृषी केंद्राची उधारी डोक्यावर होती. अशा सालात आर्वीचा कपाशीवाला इमानात बसून बेटावर जाते अन् वर आमाले सांगते का पैसा नीट कामी लागला! मंग पेपरवाले लिहितात, कास्तकाराजवळ पैसा आहे, कर्जमाफी कायले पायजे. तुमच्या एका फोटोपायी आमचं आंदोलन हलकं होते. तुमी जा, पण सांगू नका.

कपाशीवाला_आर्वी

भाऊ, हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझ्यावर कर्ज आहे. पीककर्ज दरसाल नवं-जुनं करतो, तुमच्यासारखंच. 2017 ला बोंडअळीनं पऱ्हाटी उभी नांगरून टाकली, ते साल मी विसरलो नाही. ही 70,000 ची रक्कम आम्ही चार वर्षं साठवली. सौ.च्या शिवणकामातून निम्मी. साठवलेल्या पैशावर तिने कुठं जायचं हे बँक ठरवणार, की पेपरवाले?

शिक्षक उन्हाळ्यात काश्मीरला जातो, तलाठी केरळला जातो, त्यांना कोणी पगारवाढ मागू नका म्हणत नाही. कास्तकारानेच का लपून जायचं? भाव मिळत नाही म्हणून भांडायचं आणि भाव मिळत नाही म्हणून हसायचंही नाही, हा कुठला न्याय?

पऱ्हाटी_कळंब

तलाठ्याले एक तारखेले पगार येते. आपल्याले येते का? तुलना बरोबरीच्याची करा. माह्या मोठ्या भावानं पोरीच्या लग्नासाठी दोन एकर इकले. तो बारा वर्षांत शेगावच्या पुढं गेला नाई. त्याच्यासमोर मी तुमचा लेख कसा वाचू, ते सांगा.

रोही_हाकल_समुद्रपूर

कळंबच्या भाऊंचं दुखणं खरं आहे. पण मी एक सांगतो. माझे बाबा सत्तेचाळीसाव्या वर्षी गेले. वावरात, मोटारपंपाजवळ. रात्रीची लाइन होती, ओलीत सुरू होतं. सलग नवव्या रात्री ते जागे होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही म्हणतो, जागरण. बाबांनी एकही सुट्टी घेतली नाही, याचं गावात आजही कौतुक होतं. मला ते कौतुक ऐकवत नाही. कोणी कास्तकार पाच दिवस झोपला असेल तर त्याने ते चारचौघांत सांगावं. लपवू नये.

पऱ्हाटी_कळंब

तुमच्या बाबाचं वाचून वाईट वाटलं. त्याच्यावर मी काई बोलत नाई.

पण माहा प्रश्न तसाच आहे. झोपाले बेट कायले लागते? चिखलदऱ्याले जा. एसटीनं होते, सत्तर हजार लागत नाई.

कपाशीवाला_आर्वी

गेलो होतो चिखलदऱ्याला, 2022 ला, तीन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला: मोटार जळली, या. निघालो. गाविलगड तसाच राहिला. पोचेपर्यंत धाकट्याने मेकॅनिक आणून काम उरकलं होतं. मी नसतो तरी झालं असतं. पण मी चार-पाच तासांवर आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून बोलावलं. बेटावर बोलावूनच उपयोग नव्हता. मधे समुद्र आहे. धाकटा आणि सालदार दोघं मिळून सगळं करत होते, हे मला परत आल्यावर कळलं. बेटाचे पैसे मी त्यासाठी मोजले.

मोर्शीची_संत्री

"बोलावूनच उपयोग नव्हता" हे वाक्य मला लागलं. इतके दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

आम्ही डिसेंबरमध्ये हॅवलॉकला होतो. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, बोटी बंद. त्याच रात्री घरी माझ्या बाबांना झटका आला. फोन मधूनच लागायचा, मधूनच तुटायचा. दोन दिवस जेट्टीवर उभी राहिले. आमच्यासारखे कितीतरी जण तिथं होते, कोणाचं विमान चुकलेलं, कोणाची औषधं संपलेली. समुद्र निवळेपर्यंत कोणी काही करू शकत नव्हतं. मी घरी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता. अस्थी गोळा करून झाल्या होत्या.

असं एकट्या आमच्याच बाबतीत होतं असंही नाही. डिसेंबर 2016 मध्ये हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले होते आणि नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. मधे समुद्र आहे याचा तुम्हाला आनंद झाला. मला त्या समुद्राचा अजून राग येतो. घरी म्हातारं माणूस आजारी असेल तर हे सगळं सांगूनच लोकांना तिथं पाठवा.

कपाशीवाला_आर्वी

ताई, हे मी पहिल्याच लिखाणात घालायला हवं होतं. घातलं नाही, ही माझी चूक.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात वादळं होतात. जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ त्यामानाने शांत. बोटी दिवसाच सुटतात, रात्री बेट सोडता येत नाही. नीलवर प्राथमिक उपचार मिळतील, मोठं दुखणं निघालं तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागतं. म्हणून नीलवरून थेट विमानाला जायचा बेत करू नये, मधे पोर्ट ब्लेअरला एक रात्र ठेवावी. रोख पैसे जवळ ठेवावेत. घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर मी स्वतः जाणार नाही.

आमचे आईवडील दोघंही नाहीत. कदाचित म्हणून मला समुद्र आडवा आलेला बरा वाटला. हे आज लिहिताना लक्षात आलं.

दर्यापूरची_सून

कळंबच्या भाऊंना एक विचारायचं राहिलं. तुमचे मोठे भाऊ बारा वर्षं शेगावच्या पुढं गेले नाहीत म्हणता. वहिनी गेल्या का शेगावला?

पऱ्हाटी_कळंब

नाई गेली. घरी गाय होती.

बरं ताई, तुमचा मुद्दा समजला. बेटावर जा असं मी तरीबी म्हणणार नाई. भावाले सांगतो, या खेपेले गजानन महाराजाच्या दर्शनाले तिले घेऊन जाय अन् भक्त निवासात दोन रात्री राहा. गाय माह्या गोठ्यात बांधू.

एकदाच_जातो_चिखली

चर्चा माझ्या बेतावरून सुरू झाली आणि कापसापर्यंत गेली, म्हणून परत येतो.

काल रात्री आईला विचारलं, अंदमानचं काय आठवतं. वाटलं, राधानगर म्हणेल किंवा गुहा. ती म्हणाली, "त्या छोट्या बेटावर पाणी कोमट होतं. मी लुगडं धरून उभी होते आणि तू हाका मारत होतास." मी हाका मारत होतो हे खरं आहे. बोट सुटायला चाळीस मिनिटं होती.

वडिलांनी मात्र गुहा, जेल, रॉस बेटावरची हरणं, सगळं क्रमाने सांगितलं. त्यांना नऊच्या नऊ ठिकाणं आठवतात. त्यामुळे एकदाच जाणाऱ्याने सगळं पाहावं, हे मी मागे घेणार नाही. "पैसे पाण्यात" हे दोन शब्द मागे घेतो. बाराटांग काढून टाकलं तर नीलला दोन मुक्काम बसतात, तसा बेत बदलून टाकेन. पाचचा आग्रह मला पटलेला नाही.

आर्वीकर भाऊ, ओहोटीची वेळ आधी कुठं कळते?

कपाशीवाला_आर्वी

टाइड टेबल नेटवर मिळतं, पोर्ट ब्लेअरचं पाहा, नीलला तेच चालतं. तिकीट काढायच्या आधी पाहा, नंतर नाही. पौर्णिमा किंवा अमावास्या तुमच्या दोन मुक्कामांत किंवा लगेच मागेपुढे येईल असं करा. आम्ही माघी पौर्णिमेला धरून गेलो होतो. नातेवाईक त्या दिवशी प्रयागराजला कुंभात होते, आम्ही नाही म्हणून अजून बोलतात. पुलाकडे जाताना चपला नकोत, पट्ट्याचे सँडल घाला, खडक धारदार आहेत. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका आणि शंख-प्रवाळ खिशात घालू नका. विमानतळावर सामान तपासतात, कायद्याने बंदी आहे.

सूर्य तिथं आपल्यापेक्षा लवकर मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचलाच. लक्ष्मणपूरला आईला घेऊन जाल तेव्हा साडेचारलाच निघा. किनाऱ्यावर बसायला बाकडं मिळेलच असं नाही, तेव्हा एक सतरंजी सोबत असू द्या.